दोन्ही टोकांना सांगणाऱ्या मावशी

जयपुरात मला वाचवलं ते तारवाल्या मावशींनी. कशातून वाचवलं ते सांगणारच आहे, पण आधी त्यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

मावशी साडीखाली नवऱ्याची खाकी पॅंट घालायच्या. पाचवारी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, खाली दोनदा दुमडलेली पुरुषी पॅंट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि अशा वेषात ही साठीकडे झुकलेली बाई रेल्वेच्या टेलिफोनच्या खांबावर सरसर चढायची. नवरा रेल्वेत टेलिफोनच्या केबली जोडायचा. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी ह्यांना खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून घेतलं. पहिली दोन वर्षं शिडी वाहायची आणि साहेबांना चहा आणायचा. मग एक दिवस खांबावरचा माणूस आला नाही, आणि ह्या कुणाला न विचारता वर गेल्या. खाली उतरल्या तेव्हा लाइन चालू होती. "पॅंट त्याची, मंग काम बी त्याचंच," असं म्हणायच्या. रेल्वे कॉलनीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना अशी एखादी बाई आठवत असेल. माझ्या वाट्याला ही आली.

त्यांची माझी ओळखही खांबावरूनच झाली. मी कराडकडचा. सातवीत शाळा सुटली, बॅटरी चार्जिंगच्या दुकानात हात काळे केले, आणि फौजेतल्या मावसभावाच्या मागे जयपुरास आलो. वर्षभरात त्याची बदली झाली. तो गेला, मी राहिलो. महिनोन्महिने मराठी कानावर पडत नव्हतं. एकदा स्टेशनजवळून सायकलवर जाताना डोक्यावरून आवाज आला, "अबे, शिडी धर ना नीट! झोपून राह्यला काय?" मी सायकल थांबवून वर बघितलं, तर खाकी पॅंट आणि हिरवी साडी. मी म्हटलं, "बाई, तुम्ही मराठी?" वरून उत्तर आलं, "नाई, खांब मराठी हाय. पाह्यत काय राह्यला, धर शिडी!" मी शिडी धरली. उतरल्यावर त्यांनी मला ज्वारीची भाकरी खायला घरी नेलं. बाजरीच्या मुलखात ज्वारी त्या कुठून मिळवायच्या देव जाणे. त्या अकोल्याकडच्या. त्यांच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात आणि 'ळ'चा 'य' करतात, नळाचा 'नय', जळल्याचं 'जयलं'. मला आधी हसू यायचं, मग ते ऐकलं नाही तर करमेना.

कुठल्याही नव्या माणसाशी बोलताना मावशींचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. जयभीम किंवा रामराम झाला की लगेच, "मी अंगठेवाली हाव बाप्पा, लिवलेलं काई असन तं वाचून सांगा." साहेब असो, पोस्टमन असो, भाजीवाला असो. त्यात लाज नव्हती, अभिमानही नव्हता. आपण उंचीला किती आहोत ते सांगावं तसं सांगायच्या. मला ते फार खटकायचं. एकदा म्हटलं, "मावशी, कशाला सांगत बसता? कुणी विचारलंय का?" त्या म्हणाल्या, "विचारल्यावर सांगतलं तं ते पकडल्यासारखं होते. आधी सांगतलं तं काई होत नाई."

मला खटकायचं कारण उघड होतं. स्टेशन रोडवरच्या ज्या दुकानात मी मोटारींची वायरिंग करायचो, तिथल्या शेठजींना मी सांगितलं होतं की मी वायरमनचा दोन वर्षांचा कोर्स केलाय आणि सर्टिफिकेट गावी आहे. त्याच बोलण्यावर मला नोकरी मिळाली होती आणि दुकानाच्या माडीवरची खोली मिळाली होती. शेठजी गिऱ्हाइकांपुढे मला 'डिप्लोमा' म्हणून हाक मारायचे. "डिप्लोमा, साहब की गाड़ी देख!" प्रत्येक हाकेला मी मान खाली घालून पान्हा शोधायला लागायचो. दर दिवाळीला ते कागद आण म्हणायचे आणि दर दिवाळीला मी कागद विसरून यायचो.

मावशींची दुसरी एक सवय मी त्यांच्या शिव्या खाऊन शिकलो. त्यांच्या क्वार्टरमध्ये बेल बसवून देत होतो. एक जुनी तार आडवी येत होती, ती मी पक्कडीने तोडली. मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "तुले मालूम हाय काय, त्या टोकाले कोन हाय? तुह्या हातात हे टोक हाय. त्या टोकाले कोनाचं लेकरू तार धरून बसलं असन तं?" तार बाजूच्या घरच्या बंद पडलेल्या रेडिओची निघाली, पण मावशींचं समाधान झालं नाही. मला हाताला धरून शेजाऱ्यांकडे नेलं आणि माझ्याकडून सांगून घेतलं की तुमची तार मी तोडलीय. त्यांचा नियमच होता. कामाला हात लावायच्या आधी दोन्ही टोकांना सांगायचं. एकदा असं न सांगता कुणी दुसऱ्या टोकाहून टेलिफोनची घंटी वाजवली, तारेत करंट आला आणि त्यांचा नवरा झटका बसून खांबावरून पडता पडता वाचला होता. तेव्हापासून हा नियम त्यांच्या घरात देवासारखा पाळला जायचा.

आता ती गोष्ट.

बनी पार्कात एक जवाहिरी राहायचे. बराच काळ परदेशात काढून परतले होते आणि येताना जपानी मोटार घेऊन आले होते. तिच्यातला मूळचा टेप कॅसेटी खायला लागला म्हणून त्यांनी नवा टेप मागवला. खोक्यातला, कोरा, परदेशी. तो बसवायचं काम आमच्या दुकानाकडे आलं. गाडी बाजारात आणायची नाही, घरी येऊन बसवायचा, अशी अट. शेठजी म्हणाले, "डिप्लोमा जाएगा।"

शीतळामातेच्या अष्टमीचा आदला दिवस होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता जवाहिऱ्यांच्या म्हाताऱ्या आई, माजीसा, त्याच गाडीतून चाकसूला मातेच्या मेळ्याला जाणार होत्या, आणि वाटेत त्यांना भजनं ऐकायची होती. त्याच अष्टमीच्या संध्याकाळी माझी बायको चार महिन्यांच्या पोरीला घेऊन पहिल्यांदा जयपुरास पोहोचणार होती. गावचा एक फौजी कुटुंबासह सुटीवरून परतत होता, त्यांच्या सोबतीने ती निघाली होती. सवाई माधोपूरला गाडी बदलून येतो, न्यायला या, असं पत्रात होतं. मी माडीवरची खोली चुन्याने रंगवून ठेवली होती.

जुना टेप काढला आणि माझी अक्कल तिथेच संपली. त्याच्या तारा स्पीकरकडे जातच नव्हत्या. त्या गालिच्याखालून मागे गेल्या होत्या, मागच्या सीटखाली एका चपट्या काळ्या डब्यात शिरल्या होत्या, आणि दुसऱ्या बाजूने निघून चार स्पीकरांकडे गेल्या होत्या. तो गाडीच्या कंपनीने बसवलेला अँप्लिफायर. असा वेगळा डबा मी जन्मात पाहिला नव्हता. नव्या टेपच्या पोटात स्वतःचा अँप्लिफायर होता. मी नवा टेप त्याच तारांना जोडला तर गाण्याऐवजी घशात कफ अडकल्यासारखी घरघर आली. एकावर एक दोन अँप्लिफायर झाले होते. डबा मधून काढून टाकायला पाहिजे, एवढं मला कळलं. तेवढं बरोबर कळलं. पुढचं चुकलं.

आमच्या बाजारात तार एकच ओढायची. दुसरी तार म्हणजे गाडीचा पत्रा. बल्ब असो, भोंगा असो, स्पीकर असो, एक तार द्यायची आणि दुसरं टोक बॉडीला लावून मोकळं व्हायचं. आमच्या देशी गाड्यांत, आमच्या देशी टेपांत, ते चालायचं. मीही तेच केलं. चार स्पीकरांची चार टोकं पत्र्याला लावली, चार नव्या तारा टेपापर्यंत ओढल्या आणि बटण दाबलं. भजनाची अर्धी ओळ वाजली. मग टेपाच्या पाठीवर माझा हात होता तो भाजला, कडवट वास आला, आणि सगळं गप्प झालं.

जवाहिरी ओसरीवर होते. त्यांनी विचारलं, "हो गया?" मी म्हटलं, "थोड़ा काम बाकी है साहब, कल सुबह।" आणि हत्यारांची पिशवी उचलून फाटकाबाहेर पडलो.

तिथून मी दुकानाकडे गेलोच नाही, स्टेशनाकडे गेलो. असा टेप जयपुरात कुठेही मिळणारा नव्हता. नोकरी जाणार, खोली जाणार, वर शेठजी पोलिसात देणार. कोर्स केलेला माणूस असं करतो का, हा पहिला प्रश्न ते विचारणार. आणि बायको तर गाडीत बसून निघालीही होती. तिला थांबवायला तार करायची तर कुठल्या गावी करायची? माझ्या डोक्यात एकच येत होतं. संध्याकाळची गाडी पकडून सवाई माधोपूर गाठायचं, तिला फलाटावरच अडवायचं, आणि तिथूनच परत कराड. जयपुराला तोंडच दाखवायचं नाही. खिशात हात घालून तिकिटाच्या रांगेत मी उभाही राहिलो. माझ्यापुढे तीन माणसं होती. एकाने खिडकीवर हुज्जत घातली म्हणून रांग थांबली, नाहीतर आज मी जयपुरात बसून हे लिहीत नसतो.

रांग हलेना म्हणून मी बाहेर आलो. मालधक्क्याच्या बाजूला मावशी खांबावरून उतरत होत्या.

"काहून रे, थोबाड असं काहून पडलं? बायको येऊन राह्यली ना उद्या?"

मी तिथेच रुळांच्या ढिगावर बसलो आणि रडलो. मोठा माणूस, बायकोपोरीचा धनी, भर संध्याकाळी रडलो. सगळं सांगितलं. मावशी बुटातली माती झटकत ऐकत राहिल्या. मग विचारलं, "चारी टोकं पत्र्याले लावले?"

"व्हय. आमच्यात तशीच रीत हाय."

"आमच्यात तं एकली तार कोनी सोडतच नाई. हरेक तारेले तिची जोडीदार असते. त्या जपानवाल्यानं बी आठ तारा देल्या ना? त्याले काय तारेचं वझं झालं व्हतं? चारच्या जाग्यावर आठ काहून देल्या, हे तुह्या ध्यानात नाई आलं?"

खरंच नव्हतं आलं. उरलेल्या चार तारा मी जास्तीच्या म्हणून गुंडाळून चिकटपट्टी लावून ठेवल्या होत्या. कोर्स केलेल्या माणसाने हे केलं नसतं.

"मावशी, उद्या तुमची सुटी हाय. तुमी येता का?"

"येतो. शेठले सांगतलं?"

"न्हाई."

"गाडीवाल्याले?"

"न्हाई मावशी. उद्या येतो म्हटलंय."

"मंग मी येत नाई." त्या उठल्या आणि शिडी खांद्यावर घेतली. "आधी दोघायले सांग. कागदाचं बी सांग. मंग मी तारेले हात लावतो."

मी त्यांच्या मागे मागे शिडीचं दुसरं टोक धरून चालत होतो आणि विनवत होतो. म्हटलं, आधी दुरुस्त होऊ द्या, मग सांगतो. म्हटलं, टेप चालला तर सांगायची गरजच काय? म्हटलं, माझ्या पोरीची शपथ. मावशी थांबल्या. "लेकराची शपथ घालतं काय मले? मी काय तुह्या भल्यासाठी म्हनून राह्यली? मी माह्यासाठी म्हनतो. खोट्या मानसाच्या कामाले हात लावला आन टेप जयला, तं लोक म्हनतीन, तारवालीनं जायला. मले माह्या नवऱ्याचं नाव हाय." एवढं बोलेपर्यंत त्यांचं क्वार्टर आलं. त्यांनी दार लावून घेतलं, तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की विचारू नका.

त्या रात्रीचं लिहीत नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. अष्टमीचा बासोडा होता. त्या दिवशी घरोघरी चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं थंडच खायचं. शेठजी गल्ल्यावर बसून थंड पुरी आणि राबडी खात होते.

"शेठजी, मेरे पास कोई सर्टिफिकेट नहीं है। सातवीं तक पढ़ा हूँ।"

त्यांचा घास थांबला. "और?"

"और साहब का नया टेप मुझसे गरम होकर बंद पड़ गया। गलती मेरी है।"

शेठजींनी पुरी खाली ठेवली, हात पुसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "कमरे की चाबी इधर रख।" मी ठेवली. "शाम को देखेंगे, चाबी देनी है कि थाने भेजना है।"

संध्याकाळी सहाला माझी बायको येणार होती.

जवाहिऱ्यांना सांगताना शेठजीही सोबत होते. जवाहिरी शांत माणूस. ते म्हणाले, "तीन बजे गाड़ी निकलेगी। बजे तो ठीक। नहीं तो जैसी थी वैसी करके दे दो।" जशी होती तशी! ते माझ्या बापालाही जमलं नसतं. दुकानातून निघताना मी मावशींना निरोप धाडला होता; त्या फाटकाशी येऊन थांबल्या होत्या, खांद्याला पिशवी. आत येऊन रामराम केला आणि जवाहिऱ्यांना आधी सांगितलं, "मैं अंगूठेवाली हूँ साब, जपानी क्या, हिंदी भी नहीं पढ़ती। तार पढ़ती हूँ।"

पिशवीतून त्यांनी टॉर्चचा एक सेल, टेलिफोनचा कानाला लावायचा जुना रिसीव्हर, दोऱ्याचं रीळ आणि कागदी नळ्यांचं पुडकं काढलं. पहिल्यांदा मी पत्र्याला लावलेली चारी टोकं आणि मी ओढलेल्या चार नव्या तारा स्वतः सोडवल्या. मग काळ्या डब्याची खटकी, म्हणजे तारांचं सॉकेट, उपटली आणि डब्याला येणारी करंटाची तार वेगळी करून तिला पट्टी लावली. "ह्या दादाले झोपू दे." मग डब्याच्या मागच्या बाजूच्या तारांवर सेलची दोन टोकं टेकवत गेल्या. जोडी बरोबर लागली की कुठल्यातरी स्पीकरमधून 'खुट्ट' व्हायचं. "कोनता बोलला?" "पुढचा उजवा, मावशी." "पडदा बाहीर आला का अंदर गेला?" "बाहेर." त्या जोडीला दोऱ्याची एक गाठ. दुसऱ्या जोडीला दोन. चौथ्याला चार. मी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या तर म्हणाल्या, "लिवलेलं पुसते. गाठ पुसते काय?" स्पीकरांचे चारी पडदे एकाच वेळी बाहेर आले पाहिजेत, दोन बाहेर आणि दोन आत असले तर चौघं मिळून भांडतात, असं त्यांनी समजावलं.

मग डब्यात येणाऱ्या तारा. मी पुढे टेपाजवळ दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवायचो, त्या मागे सेल आणि रिसीव्हर लावून कानाने ऐकायच्या. "हे नोको. दुसरी. हां, हेच." तासाभरात आठही तारा आपापल्या जोडीदारासकट ओळखून झाल्या. पुढून येणारी जोडी आणि स्पीकरकडे जाणारी जोडी समोरासमोर आली. मधला डबा बाजूला झोपलेला. आता फक्त सोल्डरिंगचे टाके मारायचे.

मी सोल्डरिंग आयर्न काढला आणि त्याची वायर लावायला प्लग विचारला. ओसरीवरून माजीसांचा आवाज आला, "अरे छोरा, ओ कांई छै? तातो होवै छै के?"

"हां माजीसा, टांका लगाना है।"

"आज कोनी चालै! आज माता को दिन छै। म्हारै आंगण में आज कोई चीज ताती कोनी होवै।"

जवाहिरी मध्ये पडले, म्हणाले, माँसा, ये तो बिजली का है. माजीसा ऐकेनात, आज अंगणात काही तापवायचं नाही म्हणजे नाही. घड्याळात सव्वादोन झाले होते. मी आयर्न खाली ठेवला. मला वाटलं, देवीनेच माझ्यावर नजर धरलीय.

मावशी हसायला लागल्या. "ठेव ते डबडं. मी काई मानत नाई, पन म्हातारीचं मन कायले मोडतं? आमच्या केबलीले टाका असते काय? पीळ असते." त्यांनी दोन तारा घेतल्या. आधी कातडीसकट दोन वळसे, मग कातडी सोलून उघड्या तांब्याला घट्ट पीळ, पीळ मुडपून आडवा, वर कागदी नळी, नळीवर दोरा.

"मावशी, गाडी हादरती. सुटंल."

"आन रेलगाडी काय पायन्यात झोपून जाते?"

आठ पीळ. बोटं इतकी भराभर चालत होती की मला दुसऱ्याच जोडीला वाटलं, हे मला ह्या जन्मात येणार नाही. अडीच वाजता त्या म्हणाल्या, "टेप जयला का रुसला, ते आता कयन. दाब."

माझं बोट बटणापर्यंत जाईना. शेठजी मागे उभे होते. शेवटी डोळे मिटून दाबलं.

पुढचा उजवा वाजला. पुढचा डावा वाजला. मागचा उजवा वाजला, आणि असा स्वच्छ की मी गाडीतला आवाज तसा कधी ऐकला नव्हता. मागचा डावा गप्प. मावशींनी त्याला सेल लावून पाहिला, 'खुट्ट' झालं. "सपीकर जित्ता हाय. टेपाचीच ती बाजू गेली बाप्पा. ते काई येत नाई आता." मग माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. काय करायचं ते मला कळलं. मी ओसरीवर गेलो आणि जवाहिऱ्यांना म्हटलं, "साहब, तीन स्पीकर बजते हैं। पीछे का बायाँ नहीं बजेगा। वो मैंने जला दिया।"

जवाहिऱ्यांनी शेठजींकडे पाहिलं, शेठजींनी जमिनीकडे. तेवढ्यात माजीसा काठी टेकत खाली आल्या, मागच्या सीटवर डाव्या बाजूला जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बजा।" मी लावलं. माजीसांनी दोन ओळी डोळे मिटून ऐकल्या. मग खदखदून हसल्या. "म्हारो भी डावो कान बंद छै! छोरो बरोबरी को टेप बणायो!"

जवाहिऱ्यांना हसू आवरेना. ते हसले म्हणून शेठजी हसले. मी हसलो नाही, हत्यारं गोळा करायला लागलो. गाडी तीनला निघाली. फाटकाबाहेर आल्यावर शेठजींनी खोलीची चाबी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "पहले दिन बोल देता तो क्या मैं खा जाता तुझे?" पुढचे सहा महिने त्यांनी मला वायरिंगला हात लावू दिला नाही, फक्त बॅटऱ्या धुवायला ठेवलं, आणि 'डिप्लोमा'च्या जागी 'सातवीं' म्हणून हाक मारायला लागले. त्या हाकेला मी मान वर करून 'जी' म्हणायला लागलो.

मावशींना धन्यवाद म्हणायला वळलो तर त्या निम्म्या रस्त्यात पोहोचल्या होत्या. "चार वाजता नय येते! पानी गेलं तं तुही बायको भरून देईन काय?"

त्या संध्याकाळी बायको आली. पोर तिच्या खांद्यावर झोपलेली. माडी चढून खोलीत आली, चुन्याच्या भिंतींवरून हात फिरवला, आणि पहिला प्रश्न विचारला, "हाताला काय झालंय?" मी तिला सगळं सांगितलं. सर्टिफिकेटचंही. तिलाही ते खरंच वाटत होतं.

पुढे दोन वर्षं मावशी आमच्याकडे येत राहिल्या. पोरीला मांडीवर घेऊन वऱ्हाडीत रागवायच्या, म्हणून आमची पोर आज अर्धी कराडची, अर्धी अकोल्याची आणि उरलेली हिंदी बोलते. मला त्यांनी तो पीळ शिकवला. रविवारी सकाळी वीस-वीस जोड्या करून घ्यायच्या आणि सैल निघाला की काही न बोलता उसवून टाकायच्या. मग त्या रिटायर झाल्या. गावी जायचा दिवस त्यांनी आठवडाभर आधी सांगितला होता. नेमका त्या दिवशी शेठजींनी मला बगरूला पाठवलं, एका कापड छापणाऱ्या छिप्याच्या मेटाडोरचं वायरिंग जळालं होतं. आवरून सायकल मारत परतलो तर क्वार्टरला कुलूप, आणि ओट्यावर आमच्या पोरीसाठी ठेवलेली ज्वारीच्या पिठाची पुरचुंडी. मी मोठ्याने हाकही मारली. आत कुणी नाही हे माहीत असून मारली.

गेल्या महिन्यात मूर्तिजापूरहून पोस्टकार्ड आलं. अक्षर भाच्याचं, बोल मावशींचे. बरी आहे. गुडघे धरतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आता पिवळी तार आणि पांढरी तार एकच दिसते. डॉक्टर कापा म्हणतो, पण इथं करायला कोण आहे, तेव्हा राहू द्या. पोरीला मुका.

ते 'राहू द्या' वाचल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. मावशी, तुम्ही हे भाच्याकडून वाचून घ्याल. तुम्ही त्या दिवशी आला नसता तर ही खोली नसती, हा संसार कुठल्या फलाटावरून परत गेला असता कुणास ठाऊक. आता इथं आमच्या तिघांच्या तीन आणि तुमची चौथी खाट मावेल अशी जागा आहे. स्टेशनापलीकडे डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे, त्याला मी विचारून आलो आहे. ऑपरेशननंतर महिनाभर धूळ आणि धूर टाळायचा, तेव्हा बायको स्वयंपाक गच्चीवर करणार आहे. रजा मागितली आहे. शेठजी अजून हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मला भीती एकच वाटते, की मला नेहमीसारखा उशीर होईल. पण थंडी पडायच्या आत मी मूर्तिजापूरला उतरेन, तुम्ही नाही म्हणालात तरी उतरेन, आणि तुम्हाला हाताला धरून घेऊन येईन. हे मी तुम्हाला वचन देतो.